भायखळ्यात दोघींचा एक दिवस: भाऊ दाजी लाड संग्रहालय नीट कसं बघावं

पहिल्या खेपेला आम्ही दोघींनी भाऊ दाजी लाड संग्रहालय पंचेचाळीस मिनिटांत उरकलं होतं. कपाट, पाटी, पुढचं कपाट, पुढची पाटी. बाहेर येऊन उसाचा रस पिताना मैत्रीण म्हणाली, "अगं, छताला रंग कुठला होता?" मला आठवेना. तिलाही आठवेना, आणि ती चित्रकलेची शिक्षिका! ज्या इमारतीवर माणसं पाच वर्षं खपली, तिच्या छताखालून आम्ही मान वर न करता फिरून आलो होतो.

त्यानंतर बऱ्याचदा गेलो. कधी दोघीच, कधी कुणाला तरी दाखवायला म्हणून. हळूहळू एक पद्धत बसली: आधी इमारत, मग वस्तू. डागडुजी करून पुन्हा उभी केलेली कुठलीही जुनी वास्तू अशीच बघावी असं आता माझं ठाम मत झालंय. पण सराव करायला मुंबईत याच्याइतकी सोयीची जागा नाही. स्टेशन जवळ, तिकीट नाममात्र, शेजारी राणीची बाग, आणि स्टेशनही जीर्णोद्धार झालेलं. एका दिवसात दोन वास्तू होतात.

वार कोणता

बुधवार सोडून कुठलाही. बुधवारी संग्रहालय बंद असतं आणि राणीची बागही बंद. आपल्याला सोमवार बंद असण्याची सवय असते, त्यामुळे इथे बरेच जण फसतात. आम्हीही एकदा फसलो, मी डोंबिवलीहून डबा बांधून आले होते. तो डबा शेवटी स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ला. चूक सर्वस्वी आमची.

रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी बागेत पेंग्विन बघायला अख्खी मुंबई लोटते आणि त्यातले थोडे लोक सावलीसाठी संग्रहालयात शिरतात. सोमवार किंवा मंगळवार सकाळ उत्तम. शाळांच्या सहली साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात. तेव्हा गेलात तर पन्नास पोरांची रांग पुढे जाऊ द्यायची आणि आपण जिन्याशी थांबायचं, एवढाच उपाय. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा डोकवा. दीडशे वर्षांच्या इमारतीला दुरुस्ती कधीच संपत नसते, आणि एखादं दालन त्यासाठी बंद असू शकतं.

दहाला दरवाजा उघडतो. आम्ही नऊला भायखळ्यात उतरायचं ठरवतो, कारण पहिला तास स्टेशनचा.

बरोबर कोण

दोघंच असावीत. तिसरं माणूस आलं की गप्पा सुरू होतात आणि इमारत राहून जाते. शक्यतो आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेचं माणूस न्या. मी पाट्या वाचणारी. कुठलंही साल दिसलं की मी थांबते. मैत्रीण पाट्या वाचतच नाही, ती कडा बघते, कोपरे बघते, रंग कुठे संपतो ते बघते. एकटी गेले असते तर मला निम्मी इमारत दिसलीच नसती.

आमचे दोन नियम आहेत. आत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही. आणि निघताना प्रत्येकीने एक अशी गोष्ट दाखवायची जी दुसरीच्या नजरेतून सुटली. या दुसऱ्या नियमावरून आमची खरी भांडणं झाली आहेत.

सामान कमीत कमी घ्या. पाण्याची बाटली, साधी वही, पेन्सिल, छोटी दुर्बीण असली तर फारच छान. पक्षी बघायची चालते. छताची नक्षी तिच्यातून अशी जवळ येते की हात लावावासा वाटतो.

पहिला तास: भायखळा स्टेशन

मध्य रेल्वेच्या स्लो गाड्या भायखळ्याला थांबतातच, फास्टही थांबतात. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी.

उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची जी पहिली गाडी निघाली, ती याच मार्गावरून गेली. तेव्हा इथे साधं लाकडी स्टेशन होतं. आज दिसते ती दगडी इमारत १८५७ची. वापरात असलेल्या आपल्या देशातल्या सगळ्यांत जुन्या स्टेशन इमारतींपैकी ही एक, आणि आपण तिच्यातून पास दाखवत, घाम पुसत, वर्षानुवर्षं नुसते ये-जा करत आलो.

आभा नारायण लांबा या संवर्धन-वास्तुविशारदांच्या देखरेखीखाली तिचं काम झालं, खर्चाला बजाज समूहाच्या न्यासाचा आणि 'आय लव्ह मुंबई' या संस्थेचा हातभार होता. २०२२ साली या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत 'अवॉर्ड ऑफ मेरिट' मिळालं. हे करताना स्टेशन चालूच होतं, गाड्या थांबल्या नाहीत. रात्री काम करायचं, सकाळी त्याच जागेतून हजारो माणसं जाणार, हा विचार करून बघा म्हणजे त्या पुरस्काराचं वजन कळेल.

बघायचं काय? दगड. सरकारी इमारतींत जुना दगड बहुतेक वेळा ऑइलपेंटच्या थरांखाली गुदमरलेला असतो. दरवर्षी पाहुणे येणार म्हणून एक हात मारायचा, असं करत करत पन्नास वर्षांत भिंतीला जाड कातडी येते. ती काढली की दगडावरचे छिन्नीचे घाव दिसू लागतात. एका ठिकाणी उभं राहून दोन दगडांमधली फट बघा. तिथे चुना आहे की सिमेंट? चुन्याचा सांधा मऊसर, किंचित पिवळट पांढरा. सिमेंटचा सांधा करडा, धारदार आणि दगडापेक्षा टणक. हा फरक डोळ्यांत बसला की दिवसभर कामाला येईल.

तो महत्त्वाचा का, ते इथेच सांगून टाकते. जुनी भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणतात, त्यात कविता नाही. पावसाळ्यात भिंत पाणी ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं. वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद होते. पाणी आत कोंडतं, क्षार बाहेर येतात, रंगाचे पोपडे धरतात, आणि शेवटी सिमेंटच्या शेजारचा मऊ दगड झिजतो. सिमेंट मात्र शाबूत राहतं. पुण्याजवळचा एक वाडा मी असा पाहिलाय, नाव घेत नाही. 'नूतनीकरणा'नंतर दोन पावसाळ्यांत त्याची भिंत कोड फुटल्यासारखी पांढरी झाली होती.

वीस मिनिटं, अर्धा तास पुरे. मग पूर्वेला बाहेर पडा. दहा मिनिटांचं चालणं आहे. टॅक्सीवाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत आणि यावेत असंही नाही. वाटेत उडपी हॉटेलात इडली खाऊन घ्या, आत खायला मिळेल या भरवशावर राहू नका.

आवारात, दारात जाण्यापूर्वी

राणीच्या बागेचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं. आधी संग्रहालय. दुपारी पाय दुखायला लागले की बाग बरी पडते, उलटं केलंत तर संग्रहालयात बसायला बाकडी शोधत फिराल.

आत जाण्याआधी घारापुरीचा दगडी हत्ती गाठा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं तोच हा. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इथे आणून ठेवले आणि १९१४मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला. मैत्रिणीच्या मते दिवसाची सुरुवात याच्यापासूनच करायला हवी, कारण हीसुद्धा डागडुजीच, फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीची. निरखून बघितलं की सांधे दिसतात. जोडणाऱ्यांनी ते फारसे लपवले नाहीत. लपवायला हवे होते का? हा प्रश्न डोक्यात ठेवूनच आत जा, कारण आत नेमकं उलट काम झालंय.

जवळच डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्याकडे पाठ करून संग्रहालयाच्या दर्शनी बाजूकडे बघा. मधली रेघ मनात ओढली तर डावी-उजवी बाजू आरशासारखी. कमानी, खांब, वर सरळ कठडा. विल्यम ट्रेसी नावाच्या वास्तुविशारदाने आराखडा केला. त्याच्या मृत्यूनंतर स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने काम पुढे नेलं. पाया १८६२चा, उद्घाटन २ मे १८७२चं. बाहेरून इमारत अगदी सोज्वळ, शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी. आत काय आहे याची बाहेर काहीही चाहूल लागत नाही, आणि ते मला फार आवडतं.

इथे थोडा इतिहास. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनासाठी मुंबईतून वस्तू जमवल्या गेल्या, आणि त्यांतूनच शहरासाठी संग्रहालयाची कल्पना निघाली. सुरुवातीला संग्रह फोर्टातल्या टाउन बराकीत होता. १८५७ला उठावाची धास्ती बसली, लष्कराला बराक हवी झाली, आणि वस्तू तिथून हलवल्या गेल्या. त्या धांदलीत कितीतरी गोष्टींची नासधूस झाली. मग संग्रहाचे अभिरक्षक डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी नव्या इमारतीसाठी पुन्हा पैसे गोळा करायला सुरुवात केली. हे तेच नाना, जे १८५३च्या त्या पहिल्या गाडीत बसले होते. म्हणजे सकाळपासून तुम्ही त्यांच्याच वाटेने चाललाय. १८६५मध्ये ते गेले, ही इमारत पुरी झालेली त्यांना दिसली नाही.

भाऊ दाजींचं घराणं पेडण्याकडचं, गोव्यातल्या मांद्र्याचं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले, जुने शिलालेख वाचले, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ झाले. संग्रहालय उघडल्यावर दोनच वर्षांनी त्यांचं निधन झालं. तोवर इमारतीचं नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होतं, आणि पुढची शंभर वर्षं तेच राहिलं. १ नोव्हेंबर १९७५ला ते बदलून भाऊ दाजींचं नाव आलं.

आत: वीस मिनिटं गप्प

दारातून आत चार पावलं टाका आणि थांबा. कपाटांकडे जाऊ नका. मागून येणाऱ्यांना वाट द्या, पण हलू नका.

आधी खाली बघा. फरशी इंग्लंडच्या मिंटन कंपनीची. तिच्यातली नक्षी वरून रंगवलेली नाही, फरशी बनवतानाच वेगवेगळ्या रंगांची माती भरून केलेली. म्हणून दीड शतक पाय घासूनही ती पुसली जात नाही. एखादी फरशी बदललेली वाटते का ते शोधा. मैत्रीण यात तरबेज आहे, रंग अर्धी छटा जरी इकडेतिकडे असला तरी ती बोट दाखवते.

मग खांब. दगडी वाटतील, पण ते बिडाचे आहेत, म्हणजे ओतीव लोखंडाचे. त्या काळी हे नवं तंत्र होतं. बारीक खांबावर मोठा भार पेलता येत असल्यामुळे मधला चौक मोकळा ठेवता आला आणि चारी बाजूंनी वरचा सज्जा फिरवता आला. वाजवून बघू नका. (मला एकदा रखवालदाराने बरोबर हटकलं होतं.) नजर खांबावरून वर सरकू द्या. माथ्यावर पानांची नक्षी आहे, पानांच्या कडांना सोन्याचा वर्ख. इथे जरा थांबाच. सोनेरी रंग आणि वर्ख यांतला फरक डोळ्यांना कळतो: रंग सगळीकडून सारखाच चमकतो, वर्खाचं तेज मात्र आपण सरकलो की बदलतं. एक पाऊल डावीकडे टाका, पान विझतं, शेजारचं पेटतं. मैत्रिणीने पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा आम्ही दोघी कितीतरी वेळ खांबाभोवती फुगडी घातल्यासारख्या सरकत होतो.

आता छत. दुर्बीण काढा. नक्षी साच्याने केलेली आहे, म्हणजे स्टेन्सिल: जाड कागद किंवा पत्रा कापायचा, छताला धरायचा, त्यावरून रंग थोपटायचा, साचा पुढे सरकवायचा. सोपं वाटतं. पण मजा कोपऱ्यात असते. भिंतीची लांबी साच्याच्या मापाने नेमकी भागली जाईलच असं नाही, मग शेवटचं फूल अर्धं येतं, नाहीतर दोन फुलांमधली जागा किंचित ताणावी लागते. कारागिराने हा हिशेब कुठे जुळवून घेतला ते शोधायचं. सापडलं की त्या माणसाची ओळख झाल्यासारखं वाटतं. ज्यांना रांगोळीच्या ठिपक्यांचा सराव आहे त्यांना हे लवकर दिसेल.

भिंतींचा हिरवा रंगही बघून ठेवा. पहिल्या भेटीत आम्हाला आठवला नव्हता तो हाच सगळा मामला.

असे रंग परत सापडतात कसे? संवर्धन करणारे भिंतीवर एक छोटी खिडकी आखतात आणि थर एकेक करून खरवडतात, पायऱ्यांसारखे. सगळ्यांत वरचा अलीकडचा डिस्टेंपर, त्याखाली आधीचा, त्याखाली आणखी, असं करत तळाशी मूळ रंग. जोडीला जुनी छायाचित्रं, नोंदी. इथलं काम २००३मध्ये सुरू झालं. मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इंटॅक यांनी मिळून करार केला, वास्तुविशारद विकास दिलावरी, आणि सगळ्याच्या मागे कला-इतिहासकार तस्नीम झकारिया मेहता. २००५ साली युनेस्कोचा सर्वोच्च 'अवॉर्ड ऑफ एक्सलन्स' मिळाला आणि जानेवारी २००८मध्ये दारं पुन्हा उघडली. महापालिकेची इमारत, खाजगी न्यासाचे पैसे, तज्ज्ञ संस्थेची जाण: हे तिघं एका टेबलाशी बसले हीच मला सगळ्यांत मोठी कारागिरी वाटते.

वीस मिनिटं झाली की बोला. आमच्यात हा भाग सगळ्यांत गोंगाटाचा असतो. मैत्रिणीचं म्हणणं, सोनं जरा जास्त झालंय, दीडशे वर्षांच्या इमारतीने आपलं वय थोडं तरी दाखवावं, त्या हत्तीसारखं. माझं म्हणणं, ही इमारत १८७२मध्ये लोकांचे डोळे दिपवायलाच बांधली होती, मग अर्धवट दिपवून काय उपयोग. आम्ही अजून यावर एकमत केलेलं नाही.

भांडायला मुद्दे हवे असतील तर हे बघा. विजेच्या तारा कुठून नेल्यात? दिवे जुन्या रचनेला छेद देतात की लपलेत? खिडकीखालच्या भिंतीला ओल आहे का, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत येतं. लाकडी कपाटांच्या जुन्या फळीला नवी फळी जोडली असेल तर रेषा जुळतात का? कुठल्याही जीर्णोद्धार झालेल्या वास्तूत हे चार प्रश्न विचारता येतात. पुण्यातल्या वाड्यात, कोकणातल्या देवळात, पणजीच्या फोंताइन्यासमधल्या घरात. पुरस्काराची पाटी वाचण्याआधी खिडकीखालची भिंत बघावी.

आता वस्तू, पण मोजक्याच

सगळं बघायचं नाही. प्रत्येकीने तीन गोष्टी निवडायच्या, प्रत्येक गोष्टीसमोर दहा मिनिटं. बाकीचं पुढच्या खेपेला.

मध्यभागी राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, मॅथ्यू नोबलने घडवलेला, डेव्हिड ससूनने दिलेला. तो टाळता येत नाही, पण त्याच्यापाशी फार रेंगाळू नका.

माझी पहिली निवड ठरलेली: मातीच्या बाहुल्या आणि पगड्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोण कोण राहत होतं, कोण काय नेसत होतं, डोक्यावर काय बांधत होतं, ते सगळं छोट्या प्रतिकृतींमधून मांडलंय. पगडी बघून माणसाची जात, गाव, धंदा ओळखणारं ते शहर. त्यातली प्रत्येक पगडी बांधली कशी असेल, सुरुवातीचं टोक कुठे खोचलं असेल, ते शोधा. साडी नेसणाऱ्या बाईला निरीचा हिशेब कळतो तसा तो हळूहळू कळायला लागतो. हेही लक्षात असू द्या की या बाहुल्या माणसांना 'नमुने' मानणाऱ्या नजरेने बनवल्या. कोळी, भाट, वाणी सगळे कपाटात ओळीने उभे. आपल्या पणजोबांना असं रांगेत उभं केलेलं बघताना थोडं अवघडायला होतं, ते होऊ द्यावं.

मैत्रिणीची निवड म्हणजे मातीची भांडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चकाकणाऱ्या झिलईची भांडी होत असत, 'बॉम्बे स्कूल'ची भांडी म्हणून ती ओळखली जातात. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते, आणि तिथले आकार या भांड्यांवर उतरले. मैत्रिणीने कलाशिक्षकाची पदविका घेतली तेव्हा अजिंठ्याच्या हाताची मुद्रा शंभरदा गिरवली होती. ती भांड्यासमोर उभी राहून हवेत बोट फिरवते तेव्हा लोक बघतात, मी जरा लांब उभी राहते.

वरच्या मजल्यावर मुंबई आहे: नकाशे, होड्यांच्या प्रतिकृती, पारशी जिथे मृतदेह ठेवतात त्या दख्म्याची, म्हणजे शांतिमनोऱ्याची, प्रतिकृती. दख्म्याचा आतला भाग प्रेतं वाहून नेणाऱ्यांखेरीज कुणालाच, अगदी पारशांनाही, बघता येत नाही, त्यामुळे ही छोटी प्रतिकृती बघताना माणसं आपोआप आवाज खाली आणतात. नकाशांपाशी एक खेळ खेळा. दोघींनी आपापल्या राहत्या जागेवर बोट ठेवायचं. मैत्रिणीचं लालबाग जुन्या नकाशात सापडतं, माझी डोंबिवली कुठल्याच नकाशात मावत नाही. जिना चढायचा आहे. गुडघे दुखत असतील तर वरचं आधी उरका, पाय ताजे असताना.

वरून खाली चौकात बघायला विसरू नका. सकाळी जिथे थांबलो होतो ती फरशी इथून सतरंजीसारखी अंथरलेली दिसते. फोटो काढायचा तर इथून, फ्लॅश बंद करून. मोठा कॅमेरा असेल तर तिकीट खिडकीवर आधी विचारा.

जेवण आणि बाग

एक-दीडला बाहेर पडा. शाकाहारी असाल तर स्टेशनच्या वाटेवर परत. मांसाहार चालत असेल आणि चार पावलं जास्त चालायची तयारी असेल तर नागपाड्याला 'सरवी'चे सीक कबाब. पाव, केक हवा असेल तर क्लेअर रोडला 'अमेरिकन एक्सप्रेस बेकरी', नाव बँकेसारखं असलं तरी.

बागेत पेंग्विनच्या रांगेत मी उभी राहत नाही. तुम्हाला हवं तर राहा. मी झाडांसाठी जाते. ही बाग १८६२मध्ये लोकांना खुली झाली, आणि वनस्पतींसाठीच तिची ख्याती होती. प्राणी नंतर आले. गोरखचिंचेचं बुटकं, पोट सुटल्यासारखं खोड शोधा. कैलासपतीची फुलं फांदीला न लागता थेट खोडाला लागतात, आणि फूल उघडून आत बघितलं की पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी रचना दिसते. खाली पडलेलं उचला, झाडावरचं तोडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर उर्वशी फुललेली असेल. तांबड्या झुंबरासारखे घोस लोंबतात, आणि ते बघायला वनस्पतीप्रेमी मुद्दाम येतात.

आणि काळा घोडा. फोर्टातल्या चौकाला ज्याचं नाव आहे, तो घोडा तिथे नाहीच, इथे आहे. राजा सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये चौकातून हलवून भायखळ्याला आणला. चौकात २०१७पासून नवा घोडा उभा आहे, स्वाराशिवाय. दोन्ही घोडे एका दिवसात बघणारी मैत्रीण मला अजून भेटायची आहे.

निघताना

साडेचारच्या सुमारास सावलीत बाकडं पकडा आणि वहीत लिहा. फोटो ढीगभर असतात, पण छताचा रंग, फरशीतली एक नक्षी, कोपऱ्यातलं ते अर्धं फूल हे हाताने काढलं तरच लक्षात राहतं. चित्र येत नसेल तर शब्दांत लिहा. माझ्या वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे: 'डावीकडून चौथा खांब, एका पानाचा वर्ख उडालाय.' पुढच्या वेळी मी तोच खांब आधी शोधला. मैत्रिणीला दाखवला, आणि तो दिवस मी जिंकले.

सहाच्या आधी भायखळा स्टेशन गाठा. संध्याकाळी कल्याणकडच्या गाड्या सीएसएमटीहूनच भरून येतात, भायखळ्याला पाय ठेवायला जागा नसते. दिवसभर चालून पाय गेलेले असतात, तेव्हा सरळ उलट्या दिशेची गाडी धरा, सीएसएमटीला जा, आणि तीच गाडी परत फिरेल तेव्हा खिडकीत बसून घरी या. तिकीट मात्र त्या हिशेबाने आधीच काढून ठेवा, टीसीला वारसा वगैरे काही समजावता येत नाही.